आदर्श नगरीत कचरा कोण उचलतो?

राजवाड्यामागे (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या इंदुरातल्या आठ-दहा वाचकांच्या मंडळाने यंदा दिवाळीला हस्तलिखित अंक काढायचे ठरवले आहे आणि त्यासाठी प्रत्येकाने एक विज्ञानकथा लिहायची आहे. अट एवढीच, की कथा उपहासाची असावी आणि ती एखाद्या आदर्श किंवा सर्वस्वी बिघडलेल्या समाजाची असावी. पहिल्याच बैठकीत वाद पेटला. इंदुरात बसून भविष्यातले भयंकर शहर रंगवायचे, तर ते घाणेरडे दाखवावे की स्वच्छ? बहुतेकांनी सवयीने उकिरडे, धूर, उंदीर आणि काळे पाणी लिहून आणले होते. ते स्वच्छ असले पाहिजे, असे म्हणणारा मी एकटाच पडलो, म्हणून माझे म्हणणे येथे मांडतो.

बिघडलेल्या राज्याला आपल्या भाषेत नावांची वाण नाही. मोगलाई, बेबंदशाही, अंदाधुंदी, सावळा गोंधळ. ही सगळी नावे शिस्त नसण्याची आहेत. शिस्त अती झाल्याने नासलेल्या राज्याला मात्र मराठीत शब्द नाही, कारण त्या अवस्थेलाही आपण शिस्तच म्हणतो आणि 'मुलगा शिस्तीचा आहे' एवढे कानावर आले की सोयरीकसुद्धा अर्धी जुळते. या प्रकारच्या गाजलेल्या इंग्रजी कथा काढून पाहिल्या तर त्यांतले भीतिदायक समाज बहुधा नीटनेटके, वक्तशीर आणि चकचकीत निघतात. गोंधळाची भीती वाटायला लेखकाची गरज पडत नाही. नीटनेटकेपणाची भीती वाटावी यासाठी मात्र कोणीतरी ती लिहावी लागते.

या सगळ्याचे मूळ थॉमस मोरच्या १५१६ सालच्या लॅटिन पुस्तकात आहे. 'यूटोपिया' हा शब्द त्याने ग्रीकमधून घडवला, त्याचा अर्थ 'नसलेली जागा'; पण उच्चारात 'चांगली जागा' असेही ऐकू येते, म्हणजे शब्द जन्मला तोच कोटी म्हणून. (देवनागरीत तर दोन्ही शब्द सारखेच लिहावे लागतात, त्यामुळे नसलेली आणि चांगली यांतला भेद आपल्याकडे कागदावरही उरत नाही.) त्या बेटावर माणसे दिवसाला सहाच तास काम करतात, दारांना कुलपे नसतात आणि दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरे बदलली जातात. सोन्याचा लोभ राहू नये म्हणून तेथे रात्रीची लघवीची भांडी सोन्याची करतात आणि गुलामांच्या बेड्याही सोन्याच्याच. एकदा परदेशचे राजदूत अंगभर दागिने घालून येतात, तेव्हा लोक त्यांनाच गुलाम समजतात आणि त्यांच्या मागून साध्या कपड्यांत चालणाऱ्या नोकरांना लवून नमस्कार करतात. हे वाचताना मला दर वेळी आपला सराफा आठवतो. रात्री सोन्याच्या दुकानांची शटरे खाली येतात आणि त्याच पायऱ्यांवर गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) आणि भुट्ट्याच्या किसाच्या कढया लागतात. निदान रात्रीपुरते तरी सोने तेथे मागच्या भिंतीच्या कामाचे उरते.

पण मोरच्या याच बेटावर जनावरे मारण्याचे काम नागरिक करत नाहीत आणि सामुदायिक भोजनगृहातली घाणीची, अंगमेहनतीची कामेही करत नाहीत. ती गुलामांकडे आहेत, आणि बेड्या सोन्याच्या असल्या तरी त्या बेड्याच आहेत. तेव्हापासून कोणतीही आदर्श नगरी वाचताना मी एकच प्रश्न विचारतो, की येथे कचरा कोण उचलतो? उत्तर सापडले की कथेची दुसरी बाजू आपोआप उघडी पडते.

आता आपल्या गल्लीकडे पाहा. सकाळी सव्वासातला गाण्याचा आवाज कोपऱ्यावरून येतो, गाडीच्या अंगावर कप्पे आहेत आणि कचऱ्याचे सहा प्रकार वेगळे करून द्यायचे आहेत. परवा शेजारच्या काकूंनी देव्हाऱ्यातले निर्माल्य आणले. त्यात फुले होती, विड्याच्या पानाला अडकवलेली टाचणी होती, कापूर संपलेली प्लॅस्टिकची डबी होती आणि वातीचे तेलकट टोकही होते. गाडीवरच्या मुलाने ते सगळे तळहातावर घेतले, चार सेकंदांत चार कप्प्यांत टाकले आणि काकूंकडे न पाहता पुढच्या दारासमोर गेला. काकू म्हणाल्या, "किती शिस्त आहे बघा." माझी कथा या वाक्यापासून सुरू व्हावी असे मला वाटते. आपणां सर्वांचे काय मत आहे?

चष्मा_पुसून

धागा वाचला, आणि स्पष्ट लिहितो, की त्याचा थोडा रागच आला. मी या शहरात लहानाचा मोठा झालो. चौकाचौकांत लोखंडी कचरापेट्या होत्या, त्यांच्याभोवती पेटीतल्यापेक्षा जास्त कचरा असे, त्यात गाई तोंड घालत आणि पावसाळ्यात तो सगळा काला रस्त्यावरून वाहत घराच्या उंबऱ्यापर्यंत येई. २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात हे शहर वर्षानुवर्षे पहिले येत राहिले, ते काही कोणी स्वप्नात आणून ठेवलेले नाही. ज्याने तो उंबरा धुतला आहे त्याला स्वच्छतेची खिल्ली उडवणारी कथा वाचवणार नाही. उपहास हा पोट भरलेल्यांचा छंद आहे आणि इंदुरात पोट पोह्यांनीच भरते, हा आणखी वेगळा मुद्दा.

शिवाय तुमचे भाषाशास्त्रही लंगडे आहे. 'शिस्तीचा बडगा' हा शब्दप्रयोग आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो. तो काय स्तुतीचा आहे?

राजवाड्यामागे

बडग्याचा मुद्दा मान्य, पण अर्धाच. तेथेही निंदा होते ती बडग्याची. शिस्त बिचारी निर्दोष सुटते.

आणि स्वच्छतेची खिल्ली उडवायची नाहीच. जो समाज आपल्याला मनापासून हवासा वाटतो, त्याच्याबद्दल लिहिलेला उपहासच टिकतो, असे माझे मत आहे. मोरने न आवडणारे बेट लिहिले असते तर ते पुस्तक पाचशे वर्षे कोणी वाचले नसते.

टेकडीखाली

आमचे गाव देवास, त्यामुळे आता मधे बोलल्यावाचून राहवत नाही. या प्रकारच्या सर्वांत चांगल्या कथांपैकी एक ज्याने लिहिली, तो लेखक आमच्या गावात नोकरीला होता.

ई. एम. फॉर्स्टरची 'द मशीन स्टॉप्स' ही कथा १९०९ सालची आहे. तीत माणसे जमिनीखाली, मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. बटण दाबले की जेवण येते, दुसरे दाबले की संगीत, तिसरे दाबले की आंघोळीचे पाणी. भेटीगाठी तबकडीवर दिसणाऱ्या चित्रातून होतात. आई पृथ्वीच्या एका टोकाला, मुलगा दुसऱ्या टोकाला. तो म्हणतो की मला तुला यंत्रातून पाहायचे नाही, प्रत्यक्ष भेटायचे आहे, आणि आईला ही मागणी जवळजवळ असभ्य वाटते. पुढे यंत्र बिघडू लागते. प्रथम संगीतात मधेच उसासे ऐकू येतात. लोक दुरुस्ती समितीकडे तक्रार करतात, समिती सांगते की पाहू, आणि काही दिवसांनी लोकांना त्या उसाशांची एवढी सवय होते की ते सुरावटीचाच भाग वाटू लागतात. शेवटी कळते की दुरुस्ती करणारे यंत्रच दुरुस्तीला आले आहे.

आता गंमत पाहा. ही कथा लिहिल्यानंतर बारा वर्षांनी, १९२१ साली, फॉर्स्टर देवासच्या थोरल्या पातीच्या (राजघराण्याच्या थोरल्या शाखेच्या) महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून आला आणि त्याच्याकडे जी देखरेखीची कामे आली त्यांत बागा, मोटारी आणि पाहुण्यांचा बंगला यांच्याबरोबर वीजघरही होते! जगाला यंत्राचे भय दाखवणाऱ्या माणसाला आम्ही वीजघर सांभाळायला दिले. नवा राजवाडा तेव्हा बांधला जात होता आणि बांधता बांधताच पडतही होता, असे त्याने लिहून ठेवले आहे. एकाच गावात थोरली आणि धाकटी अशा दोन पाती, दोन दरबार, दोन फौजा आणि संध्याकाळी दोन्ही वाड्यांसमोर एकाच वेळी वेगवेगळ्या चाली वाजवणारे दोन बँड. आमच्याकडे कल्पित समाज रचायची गरजच नव्हती, गावच तसे वसवलेले होते. ही सारी बेबंदशाही म्हणावी तर दोन्हीकडचे कारकून अत्यंत शिस्तीचे असणार, याबद्दल मला शंका नाही.

धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे उत्तर फॉर्स्टरच्या कथेत असे आहे, की कचरा कोण उचलतो हे कोणालाही ठाऊक नसते. मला हे उत्तर मोरच्या गुलामांपेक्षा जास्त भयंकर वाटते. मी राहतो त्या वसाहतीत तक्रारीसाठी मोबाइलवर सोय आहे. जिन्यातला दिवा गेला म्हणून मी तक्रार नोंदवली. दोन दिवसांनी 'निकाली' असा संदेश आला आणि दिवा बंदच होता. पुन्हा तक्रार केली, पुन्हा निकाली. आता मी अंधारात पायऱ्या मोजत चढतो, एका मजल्याच्या अठरा आहेत, आणि खरे सांगायचे तर परवा पाहुणे आले तेव्हा "आमच्याकडे जिन्यात असाच उजेड असतो" असे मीच त्यांना सांगितले.

जिरावण

टेकडीखाली यांचा प्रतिसाद फार आवडला. पण या धाग्यावर आतापर्यंत आलेल्या सर्व नगऱ्या पुरुषांनी रचलेल्या आहेत आणि कचऱ्याचा प्रश्न मात्र सर्वांना आज सकाळी नव्याने सुचला आहे, याची मला मौज वाटते. आमच्या घरात तो प्रश्न रोज साडेसहाला सुचतो.

रुकैया सखावत हुसेन यांची 'सुलतानाज् ड्रीम' ही कथा १९०५ सालची आहे. बंगालच्या या लेखिकेने ती इंग्रजीत लिहिली आणि मद्रासच्या एका मासिकात ती छापून आली. तीत स्त्रिया राज्य करतात आणि पुरुष मर्दान्यात बंद असतात. जनाना उलटा करून मर्दाना केला, बस्स. स्त्रियांची विद्यापीठे सूर्याची उष्णता साठवतात आणि ढगांतून पाणी काढून घेतात, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो, त्यामुळे स्वयंपाकघरात धूर नाही आणि कोळसाही नाही. पुरुष कचेरीत सात तास बसत, पण त्यातला बराच वेळ धूम्रपानात जाई, म्हणून स्त्रिया तेच काम दोन तासांत उरकतात. १९०५ साली, चुलीपुढे डोळे चोळणाऱ्या बाईच्या बाजूने, सौर चुलीची कल्पना करणे यात विज्ञान किती आणि उपहास किती, हे वेगळे करता येत नाही आणि करूही नये.

येथे कचरा कोण उचलतो, तर मर्दान्यातले पुरुष घर सांभाळतात आणि मुलांना सांभाळतात. ही कथा मी मागे काही जणांना वाचून दाखवली होती, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, "पण असे कोंडून ठेवणे हा पुरुषांवर अन्याय आहे." मी त्यांना एवढेच म्हटले, की कथा तुम्हाला नेमकी कळली.

माझी सूचना अशी, की अंकातल्या कथांमध्ये शहर स्वच्छ असो वा घाण, स्वयंपाकघराचे दार एकदा तरी उघडावे.

विश्वामित्रीकाठ

मी बडोद्याहून लिहितो. इंदूरकरांना त्यांच्याच शहराची एक गोष्ट सांगण्याचा आगाऊपणा करतो, कारण ती या धाग्यात अजून आली नाही याचे आश्चर्य वाटते.

नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१६ साली आमच्या बडोद्याचा अहवाल लिहिला आणि १९१८ साली होळकर दरबारासाठी इंदूरचा. त्याच्या आधी, १९१५ सालच्या त्यांच्या नगरांवरील पुस्तकात, कोळसा-धुराच्या नगरव्यवस्थेला त्यांनी 'काकोटोपिया' म्हटले आहे, म्हणजे वाईट जागा, आणि तिच्यासमोर चांगली जागा ठेवली ती मोरच्या कोटीतल्या दुसऱ्या अर्थाने. (हा शब्द त्याआधी जॉन स्टुअर्ट मिलच्या १८६८ सालच्या ब्रिटिश संसदेतल्या भाषणातही आहे. आयर्लंडविषयीच्या धोरणावर बोलताना तो म्हणाला, की हे धोरण मांडणाऱ्यांना यूटोपियावाले म्हणणे ही स्तुती होईल, यांना डिस्टोपियावाले किंवा काकोटोपियावाले म्हणावे. मराठी वाचकाला 'काको'मध्ये कावळा दिसतो, तो दिसू द्यावा.) तात्पर्य, आदर्श नगरी आणि वाईट नगरी हे दोन्ही शब्द खिशात घेऊन फिरणाऱ्या माणसाने तुमच्या शहराचा नकाशा काढला आहे.

आणि १९१७ सालची ती दिवाळी! शहरात प्लेग होता. गेडिस यांनी एका दिवसापुरते महाराजपद मागून घेतले आणि जाहीर केले, की दिवाळीची मिरवणूक ठरलेल्या मार्गाने जाणार नाही, ज्या रस्त्यांवर सर्वांत जास्त घरे झाडून-डागडुजी करून स्वच्छ झाली असतील त्या रस्त्यांवरून जाईल. लोक कामाला लागले. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता, रोगांचे आणि घाणीचे राक्षस होते, त्यांच्यामागून शहरातले सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ पोशाखात, फुलांच्या माळा घालून चालले, त्यांच्या गाड्या रंगवलेल्या होत्या आणि बैल सजवलेले होते. नंतर लक्ष्मी आली आणि शेवटी आतषबाजीत त्या उंदराचे दहन झाले. कचरा कोण उचलतो या प्रश्नाचे उत्तर हत्तीघोड्यांच्या बरोबरीने रस्त्यावरून मिरवलेले मला दुसऱ्या कोणत्याही कल्पित नगरीत आढळले नाही, आणि ही नगरी तर कल्पित नव्हती.

चष्मा_पुसून

ही गोष्ट मला ठाऊक नव्हती, आभारी आहे. माझा राग थोडा उतरला. पण मग उपहास कशाला, असा प्रश्न मला आता जास्तच पडला आहे. ही तर चक्क चांगली गोष्ट आहे.

टेकडीखाली

चांगलीच आहे. पण दुसऱ्या दिवशीचे काय? माळा सुकल्यावर ते गाडीवान कोणत्या गल्लीतून, कोणत्या दाराने आत गेले असतील, हे कथाकाराला विचारता येते. अहवाल लिहिणाऱ्याला ते विचारता येत नाही.

उपहासाची जागा कशी सापडते याचे आणखी एक उदाहरण देतो. सॅम्युएल बटलरच्या 'एरेव्हॉन' या १८७२ सालच्या कादंबरीत आजारी पडणे हा गुन्हा आहे आणि अफरातफर हा आजार आहे. क्षयाच्या रोग्याला न्यायाधीश शिक्षा ठोठावतो आणि पैसे खाणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी करायला शेजारी येतात. (देशाचे नाव 'कोठेही नाही' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे, जवळजवळ उलटे वाचलेले, रूप आहे.) आपल्याकडे १ जानेवारी २०२५ पासून इंदुरात भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवण्याचा आदेश निघाला. त्याबरोबर भीक मागणाऱ्यांच्या पुनर्वसनाची मोहीम होती, मागे टोळ्या असतात हेही खरे, त्यामुळे मी येथे निवाडा करत नाही. परंतु आपल्या आजोबांच्या काळी कोणी 'दान देणाऱ्याला शिक्षा होते असे नगर' लिहिले असते, तर ग्रंथपालाने ते निःशंकपणे बटलरच्या शेजारी लावले असते.

नवशिका

सर्व ज्येष्ठांना नमस्कार. मी धागाकर्त्यांच्याच मंडळातला आहे आणि पहिल्या बैठकीत उकिरडे आणि उंदीर लिहून आणणाऱ्यांपैकी एक आहे. हा धागा वाचून मी माझी कथा फाडली आणि नवी लिहायला घेतली. तिचा आराखडा देतो.

साल २०९१. शहराचे पहिल्या क्रमांकाचे सलग पंचाहत्तरावे वर्ष. बाकीच्या शहरांनी स्पर्धा सोडून दिलेली आहे, तरी सर्वेक्षण चालू आहे. अडचण वेगळीच उद्भवली आहे. देवगुराडियाच्या प्रकल्पाला रोज ५५० टन ओला कचरा लागतो. (हा आकडा खरा आहे; १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेल्या आपल्या गोबरधन प्रकल्पाची सुरुवातीची क्षमता तेवढीच होती.) टाकीतले जिवाणू जिवंत प्राणी आहेत, त्यांना रोजचे खाणे रोज मिळाले पाहिजे, त्यात खंड पडला की वायू कमी होतो आणि त्या वायूवर चालणारी शहराची बस थांबते. शहर इतके आदर्श झाले आहे की लोक काही वायाच घालवत नाहीत. म्हणून महापालिकेने प्रत्येक घराला ओल्या कचऱ्याचा कोटा ठरवून दिला आहे, माणशी रोज चारशे ग्रॅम. लोक साले मिळावीत म्हणून केळी घेतात आणि केळे गुपचूप शेजारच्या शहरात पाठवतात. रात्री सराफ्यात, जेथे एके काळी गराडू मिळत असे, तेथे चोरून साले विकली जातात, कलिंगडाच्या सालीला सर्वांत चढा भाव. आणि एका जुन्या वाड्यात एक आजी राहतात, ज्यांच्या घरून चार दिवस काहीही आलेले नाही. निरीक्षक येतो. संवाद असा आहे :

"आजी, तुमच्या खात्यावर सोळाशे ग्रॅम थकले आहेत."

"अरे, मी एकटी. एक दोडका आणते, तो दोन दिवस पुरतो."

"दोडक्याच्या शिरा कुठे गेल्या?"

आजी गप्प राहतात. निरीक्षक स्वयंपाकघरात जातो आणि फळीवरची बरणी उघडतो. आत शिरांची चटणी असते. तो पंचनामा लिहायला बसतो, वर्णनाच्या रकान्यात 'तीळ, लसूण' असे लिहितो आणि पुराव्याची खात्री करण्यासाठी बोट बुडवून चाखतो.

येथे मी अडलो आहे. पुढे काय व्हावे?

चष्मा_पुसून

मी मोठ्याने हसलो आणि मग लक्षात आले, की माझ्या आईला या शहरात अटक झाली असती. ती कोथिंबिरीच्या काड्याही टाकत नसे, आमटीत घालत असे. मी माझा पहिला प्रतिसाद मागे घेत नाही, पण या कथेवर माझा आक्षेप नाही.

राजवाड्यामागे

शाबास. येथे शिस्त आहे, हेतू चांगला आहे, हिशेब बरोबर आहे आणि त्या हिशेबात आजींची काटकसर गुन्हा ठरते. मला म्हणायचे होते ते तुम्ही दोडक्यात सांगितलेत.

एक भर घालावीशी वाटते. याच इंदुरातल्या शेतीसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात होते. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते दोन-तीनदा उलथून, सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची त्यांची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. शेतकऱ्यांच्या जुन्या चालींकडे पाहूनच आपण शिकलो, असे ते मानत. तुमच्या आजींच्या परसात असा एक खड्डा असू द्या. म्हणजे निरीक्षकाला दुसराही गुन्हा सापडेल, तो खाजगी खतनिर्मितीचा, आणि पद्धतीला नाव मात्र शहराचेच असेल.

पण माझा जुना प्रश्न उरतोच. तुमच्या २०९१ सालच्या शहरात आजींच्या दारातून कचरा उचलतो कोण?

नवशिका

मी यंत्र लिहिले होते. आता वाटते, की ते चुकले.

विश्वामित्रीकाठ

चुकलेले नाही, अपुरे आहे. गाडी यंत्राचीच असू द्या. पण वर्षातून एकदा, दिवाळीला, शेवटच्या सफाई कामगाराच्या नातवाला पांढरे कपडे आणि माळ घालून रस्त्यावरून मिरवावे असा नियम ठेवा. त्याला झाडू कसा धरायचा हे ठाऊक नसते, म्हणून आधी आठ दिवस प्रशिक्षण असते.

जिरावण

किंवा तो कामगार दररोज असावा आणि कोणाला दिसू नये. कथेतल्या सर्वांनी म्हणावे की यंत्रच उचलते.

आणखी एक, लोभ सुटत नाही म्हणून. सराफ्यात सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून, धुऊन तिच्यातले सोन्याचे कण काढणाऱ्याला आपल्याकडे झारेकरी म्हणतात. मोरच्या बेटावर सोन्याच्या भांड्यात घाण ठेवतात, झारेकरी घाणीतून सोने काढतो. रात्री चोरून सालांचा बाजार भरतो, तेथे सर्वांच्या नंतर, पहाटे, एक झारेकरी येऊ द्या. तो सांडलेली साले गोळा करील. त्याच्याजवळ कोटा नाही, खाते नाही, म्हणून निरीक्षकाच्या यादीतही तो नाही.

नवशिका

हा पहाटेचा माणूस मी घेतो. आजींच्या दारातून उचलणाराही तोच असेल, असे आता सुचते आहे. यंत्राची गाडी येण्याच्या अर्धा तास आधी तो येतो आणि आजी त्याला, कोट्यातले नव्हे, तर बरणीतले काहीतरी देतात. भीक देणाऱ्यावरच्या गुन्ह्याचे कलमही त्यामुळे लागू होईल, म्हणजे निरीक्षकाच्या पंचनाम्यात एकूण तीन गुन्हे होतात.

टेकडीखाली

पंचनाम्याचा नमुना कथेत जसाच्या तसा द्यावा, रकान्यांसहित. आमच्या गावच्या दोन दरबारांच्या वतीने शिफारस, की तो दोन प्रतींत असावा आणि दोन्ही प्रतींतल्या वजनांचा मेळ बसू नये.

जिरावण

कथा छापण्याआधी एक दुरुस्ती करावी. चटणीसाठी शिरा फक्त खरवडून घेतात, त्या कोवळ्या असाव्या लागतात, आणि तीळ-लसणाबरोबर सुके खोबरे हवेच; आणि शिरा कुरकुरीत होईपर्यंत परतायला हव्यात, नाहीतर चटणी ओलसर राहते आणि बरणीत चार दिवस टिकत नाही, मग निरीक्षक यायच्या आधीच ती बुरसून ओल्या कचऱ्यात गेली असती आणि तुमची कथाच घडली नसती. शिवाय दोडका दोन दिवस पुरवणारी बाई त्याच्या जून बिया टाकेलच. त्या पाच-सात ग्रॅम तरी भरतात. आजींच्या खात्यावर तेवढे जमा दाखवा, निरीक्षक तेवढा प्रामाणिक असू द्या.

नवशिका

नोंद घेतली. थकबाकी पंधराशे त्र्याण्णव ग्रॅम करतो.